विकत घेतलेलं ई-पुस्तक मित्राला वाचायला का देता येत नाही?

खोडरबर (धागाकर्ता):
प्रश्न सरळ आहे. छापील पुस्तक घेतलं की मी ते वाचतो, मैत्रिणीला देतो, तिच्याकडून ते तिच्या भावाकडे जातं, नकोसं झालं तर विकूनही टाकतो. यातल्या कशासाठीही प्रकाशकाची परवानगी लागत नाही. त्याच पुस्तकाची ई-आवृत्ती घेतली, किंमतही फारशी कमी नाही, तरी यातलं एकही करता येत नाही. देता येत नाही, विकता येत नाही, आणि वाचायचं तेही त्यांच्याच अ‍ॅपमध्ये.

माझं मत स्पष्ट सांगतो. जे दुसऱ्याला देता येत नाही ते आपलं नाहीच. पैसे मालकाकडून घ्यायचे आणि वागवायचं भाडेकरूसारखं, असा हा प्रकार आहे.

जाणकारांना विचारायचंय की कायदा नेमका कुठे आडवा येतो? मध्यंतरी ई-पुस्तकं उसनी द्यायच्या सोयी निघाल्या होत्या, त्यांचं काय झालं? आणि तुम्ही स्वतः काय करता?

(चोरीच्या पीडीएफच्या लिंका टाकू नका, धागा उडेल.)

निवांत:
रीडरच देऊन टाका मित्राला. प्रश्न मिटला.

अधोरेखित:
@निवांत, करून बघितलंय. बहिणीने माझा रीडर नेला. माझं निम्मं वाचून झालेलं पुस्तक तिने शेवटपर्यंत वाचलं, आणि माझ्या फोनवरचं अ‍ॅप मला विचारत बसलं की सर्वात पुढच्या पानावर जायचं का. त्या पानावर खुनी कोण ते लिहिलेलं होतं.

निवांत:
बहिणीला सांगा, वायफाय बंद ठेवून वाचायचं. :)

तळटीप:
कायद्याचं थोडं लिहितो. लांबण लागेल, पण पाया समजल्याशिवाय पुढची चर्चा हवेतच राहील.

१९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला आला. एका प्रकाशकाने पुस्तकातच छापलं होतं की हे एका डॉलरपेक्षा कमी किमतीला विकलं तर तो कॉपीराइटचा भंग समजू. एका दुकानाने ते स्वस्तात विकलं. न्यायालय म्हणालं, पहिली विक्री झाली की त्या प्रतीच्या पुढच्या वितरणावरचा तुमचा हक्क संपला. हे तत्त्व नंतर कायद्यात आलं आणि थोड्याफार फरकाने जगभर आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यातही, आधीच वितरित झालेल्या प्रतींना लेखकाच्या ‘प्रती वितरित करण्याच्या’ हक्कातून वगळलेलं आहे. वाचनालयं, जुन्या पुस्तकांची दुकानं, आपण एकमेकांना पुस्तकं देतो ते, सगळं या एका तत्त्वावर उभं आहे.

मेख अशी की हे तत्त्व त्या ‘प्रती’पुरतं आहे. मी तुम्हाला छापील पुस्तक दिलं तर नवी प्रत तयार होत नाही. फाइल दिली तर होते. आणि प्रत काढायचा हक्क लेखक-प्रकाशकाकडेच राहतो, तो पहिल्या विक्रीने संपत नाही.

‘रीडिजी’ नावाच्या अमेरिकी कंपनीने जुनी डिजिटल गाणी विकायचा बाजार काढला होता, तो खटला याच मुद्द्यावर हरला. २०१३ ला खालच्या न्यायालयात, २०१८ ला अपिलात. युरोपात २०१२ मध्ये सॉफ्टवेअरच्या बाबतीत निकाल उलटा लागला होता, वापरलेला परवाना विकता येतो म्हणून. त्यामुळे ई-पुस्तकांनाही तेच लागू होईल अशी आशा होती. डिसेंबर २०१९ मध्ये ‘टॉम कॅबिनेट’ या डच संकेतस्थळाच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने ती आशा संपवली. ई-पुस्तक डाउनलोडला देणं हे वितरण नाही, ‘लोकांपर्यंत प्रसारण’ आहे, आणि त्या हक्काला पहिल्या विक्रीचा नियम लागत नाही.

दुसरी गोष्ट, दुकानाच्या अटींमध्ये तुम्ही परवाना घेताय, विकत काही घेत नाही, असं लिहिलेलंच असतं. आपण ते न वाचता ‘मान्य’ दाबतो.

शून्यएक:
तळटीप, रीडिजीची गंमत अर्धीच सांगितलीत. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही प्रत काढतच नाही. फाइलचा एकेक तुकडा विकणाऱ्याच्या संगणकावरून उचलतो, तो तिथून पुसला जातो आणि आमच्या सर्व्हरवर येतो. कुठल्याही क्षणी दोन पूर्ण फाइली अस्तित्वात नाहीत. न्यायालयाने सांगितलं की जुनी पुसली तरी नव्या जागी जे तयार झालं ती नवीन प्रतच. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे, संगणकात ‘हलवणं’ म्हणजे दुसरीकडे लिहून इथलं पुसणंच. पण मग या व्याख्येने डिजिटल जगात कुणीच कुणाला कधीच काही देऊ शकत नाही.

निवांत:
म्हणजे मी फोन बदलला की मी पण गुन्हेगार?

तळटीप:
@निवांत, नाही, तेवढं परवान्यात बसतं. पण प्रश्नाचा रोख बरोबर आहे. छापील पुस्तक दुसऱ्या कपाटात ठेवायला परवाना लागत नव्हता.

बुकमार्क:
उसनं द्यायच्या सोयींबद्दल विचारलंय म्हणून. मी त्या काळात हे जवळून बघत होतो.

बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तकविक्रेत्याच्या नूक या ई-रीडरवर ‘लेंडमी’ नावाची उसनं द्यायची सोय होती. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनच्या किंडलवरही ती आली. अटी साधारण सारख्याच. एक पुस्तक आयुष्यात एकदाच, १४ दिवसांसाठी, तेही प्रकाशकाने परवानगी दिली असेल तर. ते १४ दिवस देणाऱ्याला वाचता येत नसे. मोठ्या प्रकाशकांनी बहुतेक पुस्तकांना परवानगी दिलीच नाही.

मग काही हौशी लोकांनी संकेतस्थळं काढली. तुमच्याकडे कुठलं पुस्तक आहे ते नोंदवा, कुणाला ते हवंय ते बघा, जोडी जुळली की प्रत्यक्ष देवघेव अ‍ॅमेझॉन किंवा बार्न्स अँड नोबलच्या अधिकृत सोयीतून. संकेतस्थळावर एकही फाइल नाही. त्यातलं ‘लेंडइंक’ ऑगस्ट २०१२ मध्ये बंद पडलं, आणि ते कुणी पाडलं? लेखकांनी. आपलं पुस्तक तिथल्या यादीत दिसलं की चोरी, असा समज ट्विटरवर पसरला. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते चालायचं तिच्यावर तक्रारींचा भडिमार झाला आणि तिने ते बंद केलं. नंतर लक्षात आलं की सगळं कायदेशीर होतं. किंडलवर स्वतः पुस्तक प्रकाशित करताना ७० टक्के मानधनाचा पर्याय निवडला की उसनवारीला संमती त्यातच होती. अटी वाचकच वाचत नाहीत असं नाही.

किंडलची ती सोयही पुढे बंद झाली. फार कुणी हळहळलं नाही, कारण फार कुणाला ती आहे हेच माहीत नव्हतं.

मसुदा:
मी लिहिते आणि अनुवाद करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. पॉपकॉर्न बाजूला ठेवून वाचा.

छापील पुस्तक उसनं देण्याला नैसर्गिक मर्यादा आहेत. ते एका वेळी एकाच हातात असतं, भेटून द्यावं लागतं, झिजतं, आणि तुमच्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर सहसा जात नाही. म्हणून ती उसनवारी आम्हाला कधी बोचली नाही. उलट तिच्यातूनच वाचक मिळतात. ई-पुस्तकात या चारही मर्यादा नाहीत. जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसाला क्षणात देता येतं आणि हजारव्या वाचकालाही फाइल कोरी करकरीत मिळते. एक प्रत पुरेशा लोकांनी आळीपाळीने वाचली तर दुसरी विकायची गरजच उरत नाही. खोडरबर म्हणतात तसा हक्क कायद्याने दिला, तर बुकमार्क यांनी सांगितलेली संकेतस्थळं हौशी राहणार नाहीत, त्यांचा धंदा होईल.

लेंडइंकच्या बाबतीत लेखक चुकले, मान्य. पण त्यांची भीती खोटी नव्हती.

खोडरबर:
@मसुदा, झिजण्याचा मुद्दा मला पटत नाही. वस्तू टिकते म्हणून ती माझी नाही, हे कुठलं शास्त्र? फाइल झिजत नाही हे विकताना गुण म्हणून सांगायचं आणि मी द्यायला निघालो की दोष?

दाखल_क्रमांक:
झिजण्यावरून आठवलं. मी वाचनालयात काम करते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळे वैयक्तिक उसनवारीवर बोलताय आणि खरी कुस्ती वाचनालयांच्या आखाड्यात चाललीय.

छापील पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढतं आणि आमचं होतं. ई-पुस्तक दाखल होतच नाही, त्याचा फक्त परवाना मिळतो. वाचकाला वाटतं की फाइलच आहे, रांग कशाला? पण एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, म्हणून लोकप्रिय पुस्तकाला महिनोन्‌महिने रांग लागते. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने अमेरिकी वाचनालयांना सांगितलं की २६ वेळा दिलं की परवाना संपला, पुन्हा विकत घ्या. २६ का, तर दोन आठवड्यांची एक देवघेव धरून एक वर्ष. छापील पुस्तक असंही झिजतंच, हा त्यांचा युक्तिवाद. आमच्याकडची कादंबरी बांधणी उसवली की पुन्हा बांधून घेतो, आणि ती २६ पेक्षा कितीतरी जास्त वेळा जाते. बाद करायची की नाही ते आम्ही ठरवतो. इथे प्रकाशक ठरवतो, आणि फाइल धडधाकट असताना.

इतर काही मोठे प्रकाशक दोन वर्षांची मुदत घालतात. तेवढ्यात पुस्तक कुणी नेलं नाही तरी मुदत संपतेच. आणि सामान्य ग्राहकाला जी किंमत पडते त्याच्या कितीतरी पट वाचनालयाकडून घेतात. मॅकमिलनने नोव्हेंबर २०१९ पासून तर नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका वाचनालय यंत्रणेला एकच प्रत द्यायची असं ठरवलं होतं, मग ते वाचनालय एका खेड्याचं असो की महानगराचं. वाचनालयांनी बहिष्कार घातला, मार्च २०२० मध्ये ते मागे घेतलं.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये कायदा केला, जनतेला ई-पुस्तक देत असाल तर वाचनालयालाही वाजवी अटींवर द्या. तो २०२२ मध्ये न्यायालयात टिकला नाही. कॉपीराइट हा केंद्राचा विषय, राज्याने हात घालायचा नाही.

मसुदा ताई, यात लेखकाच्या पदरात किती पडतं हे तुम्हीच सांगा.

मसुदा:
@दाखल_क्रमांक, फारसं नाही. करारात डिजिटलचं कलम कसं आहे त्यावर. त्यामुळे वाचनालयांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. उपाय जगात आहे. काही देशांत वाचनालयातून पुस्तक नेलं की लेखकाला सरकारी निधीतून मानधन मिळतं. डेन्मार्कने १९४६ मध्ये सुरू केलं, ब्रिटनमध्ये १९७९ चा कायदा आहे आणि २०१८ पासून घरबसल्या नेलेली ई-पुस्तकंही त्यात धरतात. वाचकाला फुकट, लेखकाला मोबदला. हे असेल तर उसनवारीला माझी काडीचीही हरकत नाही.

निवांत:
अवांतर: ‘लेखनी पुस्तिका रामा परहस्ते गता गता’ म्हणणाऱ्या सुभाषितकाराला १४ दिवसांनी आपोआप परत येणारं पुस्तक दाखवायला हवं होतं. माझी छापील पुस्तकं ज्यांच्याकडे आहेत ते याच धाग्यावर +१ देत फिरताहेत. नावं घेत नाही.

अधोरेखित:
+१

निवांत:
बघा.

पाणवठा:
इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या ना-नफा डिजिटल वाचनालयाचं अजून कुणी काढलं कसं नाही? त्यांनी छापील पुस्तकं विकत घेऊन किंवा देणगीत मिळवून स्कॅन केली. जितक्या छापील प्रती कपाटात, तितक्याच डिजिटल एका वेळी बाहेर. एक प्रत, एक वाचक. छापील पुस्तकाच्या सगळ्या मर्यादा मुद्दाम पाळून! तरीही चार बड्या प्रकाशकांनी जून २०२० मध्ये खटला भरला. मार्च २०२३ ला निकाल विरोधात, सप्टेंबर २०२४ ला अपीलही हरले. सुमारे पाच लाख पुस्तकं देवघेवीतून काढावी लागली. त्यातली कित्येक कुठेही विकत मिळत नाहीत. संशोधन करणाऱ्यांचे हाल विचारू नका.

मसुदा:
@पाणवठा, अर्धी गोष्ट. मार्च २०२० मध्ये महामारीचं कारण देऊन त्यांनी ‘एक प्रत, एक वाचक’ ही स्वतःचीच मर्यादा उठवली होती. एकाच पुस्तकाच्या वाटेल तितक्या प्रती बाहेर. खटला त्यानंतर आला.

पाणवठा:
वाचनालयांची दारं बंद होती त्या वेळी! आणि खटला आल्यावर त्यांनी ते जूनमध्येच थांबवलंही.

तळटीप:
दोघांचंही बरोबर आहे, पण निकाल त्या तीन महिन्यांपुरता नाही. अपील न्यायालयाने ‘एक प्रत, एक वाचक’ ही पद्धतच ‘न्याय्य वापरा’त (परवानगीविना वापराला कायद्यात असलेली सूट) बसत नाही असं म्हटलं. स्वतः स्कॅन केलेलं ई-पुस्तक प्रकाशकाच्या ई-पुस्तकाची जागा घेतं, हे मुख्य कारण. आर्काइव्हने पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली नाही.

उलट युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये डच वाचनालयांच्या बाबतीत, एका वेळी एकच वाचक आणि मुदत संपली की फाइल बंद, अशा अटींवरची ई-देवघेव छापील देवघेवीसारखीच धरली होती. लेखकांना मोबदला मात्र द्यायचा.

कानवाचक:
मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचतो. माझ्यासाठी ‘छापीलच बरं’ हा पर्याय नाहीच, त्यामुळे परवाना या गोष्टीकडे मी जरा वेगळ्या बाजूने बघतो.

२००९ मध्ये किंडल २ मध्ये पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायची सोय आली. अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली, की हा ध्वनिपुस्तकाचा हक्क झाला. अ‍ॅमेझॉनने माघार घेतली आणि ही सोय ठेवायची की नाही ते पुस्तकागणिक प्रकाशकावर सोपवलं. म्हणजे पैसे देऊन घेतलेलं पुस्तक वाचताच येत नाही असं घडू शकत होतं. उसनं देणं लांबच राहिलं.

पुढे २०१३ मध्ये माराकेशचा करार झाला, दृष्टिहीनांसाठी प्रती बनवायला आणि देशादेशांत पाठवायला मोकळीक देणारा. तो मंजूर करणारा पहिला देश भारत. पण फाइलला कुलूप असेल तर कायद्याने दिलेला हक्क वापरायचा कसा, हा त्रास रोजचा आहे.

शून्यएक:
@कानवाचक, याच कारणासाठी मला डीआरएमचा, म्हणजे फाइलवरच्या या डिजिटल कुलपाचा, राग आहे. चोरी करणाऱ्याला ते एक दुपार थांबवतं, तुमच्यासारख्याला कायमचं. त्यातून पैसे देणाराच अडकतो. फाइल एका कंपनीच्या खात्याला बांधली की ते खातं हेच तुमचं वाचनालय, आणि त्याची किल्ली त्यांच्याकडे.

जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून पुस्तकं परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणे. पुस्तकं कुठली, तर ऑरवेलची, ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’. असा विनोद मुद्दाम करायला गेलं तर जमत नाही. पैसे परत दिले, पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी काढलेली टिपणं मूळ पुस्तकाविना निरर्थक झाली, तो न्यायालयात गेला आणि तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये पुस्तकांचं दुकानच बंद केलं. जुलैपासून सगळ्यांची पुस्तकं गायब, पैसे परत, आणि ज्यांनी टिपणं काढली होती त्यांना वर २५ डॉलर.

जुनीवही:
टिपणांवरून लिहावंसं वाटलं. बाबा गेल्यावर त्यांच्या खात्यातली पुस्तकं आम्हाला मिळावीत म्हणून कंपनीला लिहिलं. (नाव देत नाही.) उत्तर नम्र होतं. खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही, मृत्यू दाखला पाठवल्यास बंद करून देऊ. त्यांच्या छापील पुस्तकांची वाटणी भावाने आणि मी एका दुपारी केली, कुणालाही विचारलं नाही. ई-पुस्तकांमध्ये त्यांनी खूप लिहून ठेवलंय, समासातल्या त्यांच्या भांडणांसकट. दाखला अजून पाठवलेला नाही. पासवर्ड आईला माहीत आहे. नियमात बसत नसेल.

तळटीप:
@जुनीवही, बसत नाही, पण आधी टिपणं तरी निर्यात करून घ्या. ती बाबांनी लिहिलेली आहेत, त्यांचा कॉपीराइट वारसांकडे येतो. त्यावर कंपनीचा काही हक्क नाही.

जुनीवही:
हे डोक्यातच आलं नव्हतं. आज करते. धन्यवाद.

खोडरबर:
मूळ प्रश्नाकडे येतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा आहे असं वाचलं. दुकानाने ‘विकत घ्या’ असं बटण ठेवायचं असेल तर हा परवाना आहे हे ठळक सांगायला हवं, नाहीतर ग्राहकाला फाइल कायमची उतरवून घेता यायला हवी. हा काही तोडगा वाटतो का? मला तर वाटतं, आता फसवणूक नियमानुसार होईल, एवढंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने पुस्तक संगणकावर उतरवून केबलने रीडरवर टाकायची सोयही काढून टाकली.

आणि समजा मी डीआरएम नसलेलंच पुस्तक घेतलं. टॉरसारखा विज्ञानकथांचा मोठा प्रकाशक २०१२ पासून तशीच विकतोय. ते मी मित्राला दिलं तर?

तळटीप:
कुलूप नाही म्हणजे हक्क मिळाला असं नाही. फाइल पाठवली की प्रत झाली, वर लिहिलंय तेच. फरक इतकाच की तुम्हाला अडवायला कुणी नाही. भारतीय कायद्यात कुलूप तोडण्याबद्दल २०१२ मध्ये ६५-अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर गुन्हा, पण कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर सूट आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा हे पुष्कळ सौम्य आहे. तुमच्या मित्राला पूर्ण फाइल देणं मात्र या सुटीत येईल असं मला वाटत नाही.

मसुदा:
खोडरबर, कायदा तळटीप सांगतात तो. माझ्यापुरतं म्हणाल तर माझं पुस्तक एका मित्राला द्या, त्याचं वाचून होईपर्यंत स्वतः उघडू नका. मी तक्रार करणार नाही. दोनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलंत तर मात्र करीन.

खोडरबर:
हे तंत्रज्ञानाने नाही का होत? माझी प्रत बंद, त्याची चालू. किंडलवर १४ दिवस तेच होतं ना?

शून्यएक:
होतं, अजूनही होतं. रीडियम या ई-वाचनाची मुक्त साधनं बनवणाऱ्या गटाचं ‘एलसीपी’ हे कुलूप बघा, ते एका कंपनीच्या मालकीचं नाही. पुस्तकाबरोबर एक छोटी परवाना-फाइल येते, तिच्यात हवी तर शेवटची तारीख असते, आणि पुस्तक परवलीच्या शब्दाने उघडतं. चालेल त्या अ‍ॅपमध्ये उघडा, दर वेळी सर्व्हरला विचारत नाही. घरातल्या माणसाला परवलीचा शब्द सांगितला तर त्यालाही उघडतं. तंत्र कधीच अडचण नव्हती. ‘एकदाच, १४ दिवस’ ही अट कुणा अभियंत्याने नाही घातली, वाटाघाटीत आली.

दाखल_क्रमांक:
एलसीपी काही देशांतली वाचनालयंही वापरतात. आणि या निमित्ताने सगळ्यांना एक विनंती. वाचनालयाचं ई-पुस्तक लवकर वाचून झालं तर ‘परत करा’ दाबत जा. मुदत संपली की आपोआप जाईलच म्हणून तुम्ही ठेवून देता, आणि तुमच्यामागे रांगेत असलेला माणूस मला येऊन विचारतो की फाइल संपते कशी.

अधोरेखित:
वाचून झालं नाही, पण मुदत संपत आली तर?

दाखल_क्रमांक:
मागे रांग नसेल तर वाढवून मिळते. असेल तर पुन्हा शेवटून उभं राहायचं.